देवघरात उघडलेली डिस्क

१ ऑक्टोबर, बुधवार

आज आयुधपूजा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण या दिवशी माझे हात अजून कारखान्यातच असतात. पहाटे उठून पाने, हातोड्या, ड्रिल, मिक्सर, रत्नाचं शिलाई मशीन, स्कूटर, सगळं पुसून काढलं. रत्ना म्हणाली, "आपल्या कऱ्हाडात दसऱ्याला हत्यारं पुजतात. तुम्ही पक्के मद्रासी झालात." झालो तर झालो. चौतीस वर्षं चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात रणगाड्यांचे गिअरबॉक्स जुळवले. तिथल्या प्रत्येक मशीनला नवमीला चंदन-कुंकू लागायचं आणि मशीन वर्षभर बिनतक्रार चालायचं.

यंदा कॉम्प्युटरचा डबाही उचलून देवघरात नेला. चंदन चांगलं दाट कालवलं होतं. डब्यावर पुढं जे गोल बटण आहे ते टिळ्यासाठीच केल्यासारखं आहे. अंगठ्यानं सढळ हातानं लावलं, वर कुंकू, आणि शेवंतीची माळ. रत्ना दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "जरा बेतानं. त्यात बाईंचं सगळं आहे." म्हटलं, "पूजा करतोय, दुरुस्ती नाही."

बाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या अन्नपूर्णाबाई. वय सत्त्याऐंशी. तंजावरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांपैकी. त्यांचं मराठी अर्धं पोथीतलं, अर्धं तमिळ. सहा वर्षं एक गुरुवार आड दुपारी तीन वाजता त्या आमच्याकडं यायच्या. रत्ना छोटं रेकॉर्डर लावायची आणि दोघी आतल्या खोलीत बसायच्या. गाणी, पदार्थ, लग्नातल्या रीती, कोण कुठं नांदलं, कोण कशानं गेलं. नंतर ते ऐकून रत्ना टाइप करायची. पुस्तक करायचं म्हणते. एकशे त्रेचाळीस रेकॉर्डिंगं झाली. फाल्गुनात बाईंना झटका आला आणि वाचा गेली. आता जे काही आहे ते त्या डब्यात.

दोन बायकांच्या गप्पांचं पुस्तक कोण वाचणार, देव जाणे. पण तिचा जीव रमतो, आपलं काय जातं.

संध्याकाळी फाटकासमोर कोहळा फोडला, गल्लीत चुरमुरे-फुटाणे वाटले. पूजा झाकपाक झाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत, त्यामुळं नुसताच नमस्कार.

डबा परत टेबलाखाली ठेवून तारा जोडल्या. भिंतीवरचा स्विच लावला. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि मी एक-दोन-तीन-चार मोजेपर्यंत सगळं बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दहा वेळा केलं. दहाही वेळा चारच्या पुढं आकडा गेला नाही.

रत्ना मागं खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी म्हटलं, "इंजिन लागून बंद पडतंय म्हणजे लागतंय तरी. काळजी नको." ती म्हणाली, "दुसरीकडं कॉपी नाहीय हो कशाचीच."

हे खरं आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं मला बाहेरची डिस्क आणायला सांगितली होती. मी म्हणालो होतो, हा डबा बैलासारखा आहे, तुझ्या-माझ्या नंतरही चालेल. मग आणायची राहिली.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस याच्यातच गेले. डबा उघडून ब्रशनं धूळ काढली. मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासून परत बसवल्या. आतला रुपयाएवढा सेल बदलला. शेजारच्यांच्या जुन्या डब्यातला वीजपुरवठ्याचा खोका लावून पाहिला. तरी डबा चार मोजेपर्यंत चालतो आणि मान टाकतो.

बसस्टँडजवळच्या एका दुकानात लक्षणं सांगितली. दुकानदारानं मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "हार्ड डिस्क असेल सर."

घरी येऊन कारखान्यातली जुनी युक्ती केली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग कुठं बोलतंय हे आम्ही असंच ओळखायचो. एक बारीक 'टिक' आली, मग गप्प. म्हणजे आतला हात अडकलाय. रोग सापडला की अर्धं काम झालं.

रत्ना म्हणाली, "सोमवारी-मंगळवारी कुणातरी माहितगाराकडं नेऊ. तोवर तुम्ही आत हात घालू नका."

बरं म्हटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज काम केलं. बेत असा होता की रत्ना बाईंकडून यायच्या आत डिस्क चालू करून ठेवायची आणि ती आली की नुसतं स्क्रीनकडं बोट दाखवायचं.

आत धूळ जाता कामा नये एवढं मलाही कळतं. आमच्याकडं बेअरिंगच्या खोलीत चपला बाहेर काढून जायला लागायचं. आता आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ जागा कुठली? देवघर. रोज दोनदा पुसलं जातं, कुणी पारोसं पाऊल ठेवत नाही. मी पुन्हा आंघोळ केली, धुतलेलं सोवळं नेसलो, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि पाटावर डिस्क घेऊन बसलो. एवढी शुचिता कुठल्या कंपनीत पाळत असतील?

सहा पाकळ्यांचे स्क्रू. माझ्याकडं त्याचा पाना आहे. एक स्क्रू लेबलाखाली लपवला होता, पण बोटाला लागला. झाकण निघालं आणि काय सांगू, आत तबकडी अशी लखलखीत की माझ्या मिशा दिसल्या. जन्मभर लोखंडात काम केलं, पण एवढी घासून आणलेली वस्तू पाहिली नव्हती. कडेला अगदी बारीक कण दिसला. हाच चोर. हाताशी तुपाच्या वातींचा कापूस होता, नवा कोरा. हलक्या हातानं तो कण टिपला आणि तबकडी एकदा पुसून घेतली. आतला हात बोटानं जरा सैल केला. समोरासमोरचे स्क्रू आवळत झाकण लावलं.

जोडून पाहिलं. डबा चारलाच बंद पडतोय, पण डिस्क आता चांगली खडखड वाजते. आधी मुकी होती, आता बोलते. म्हणजे सुधारणा आहे.

रत्ना आली. "आज सोवळ्यात? कसली पूजा?" मी सगळं सांगितलं, कापसासकट. ती खाली बसली. डिस्क मागितली आणि पदरात घेतली. मग उठून पानं वाढली. स्वतः ताक-भातावरच उठली. बाईंना भरवून, अंग पुसून येते, दमली असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रत्नानं बाईंच्या सुनेकडून पत्ता मिळवला. गेलेला डेटा काढून देणारं ऑफिस, चेन्नईत एग्मोरला. लोकलनं सेंट्रल, तिथून ऑटो. तिसऱ्या मजल्यावर लहानसं ऑफिस, सगळे पायात कापडी पिशव्या घालून फिरत होते.

तिथं वाणी नावाच्या बाई आहेत, चाळिशीच्या, शांत. त्यांनी डिस्क हातात घेतली, स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि तमिळमध्ये विचारलं, "ही कोणी उघडली?"

मी म्हणालो, "दुकानदारानं."

तोंडातून निघून गेलं. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक गिअरबॉक्स परत आला नाही. त्या माणसानं परक्या बाईसमोर काय म्हणायचं? रत्ना माझ्या शेजारीच उभी होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.

वाणीबाई आतल्या खोलीत जाऊन अर्ध्या तासानं आल्या. तबकडीवर ओरखडे आहेत म्हणाल्या, वाचणारा हातच गेलाय. दुसरा बसवून जेवढं निघेल तेवढं काढू. मग त्यांनी विचारलं, "यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे? ते आधी शोधते."

मला वाटलं रत्ना पुस्तकाची पानं म्हणेल. पाचशेच्या वर झाली होती. ती म्हणाली, "एका पाट्टीचा, म्हाताऱ्या आजीचा आवाज आहे. तो काढा. बाकीचं राहिलं तरी चालेल."

परतताना लोकलमध्ये अंबत्तूर स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "त्यांनी दुकानदाराचं नाव विचारलं असतं तर काय सांगणार होतात?"

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते इथं तरी खरं लिहितो.

डबा रिकामा पडला होता. म्हटलं निदान पुसून ठेवू. पुढच्या बाजूला चंदन वाळून कडक झालं होतं. ओल्या फडक्यानं पुसलं, फटीतलं निघेना म्हणून काडी घेतली. गोल बटणाच्या कडेनं काडी फिरवली आणि बटण 'टक्' करून बाहेर आलं.

म्हणजे ते इतके दिवस आत दबलेलं होतं.

मी तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. चार झाले, दहा झाले, शंभरापर्यंत मोजलं. चालूच. पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही.

हे बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो. हे मला माहीत होतं. पूर्वी कधी अडकला की मीच तसा बंद करायचो. डबा निरोगी होता. डिस्क धडधाकट होती. रोग मी लावलेल्या टिळ्यात होता आणि मी पोट फाडलं डिस्कचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेही आंघोळ करून, सोवळं नेसून.

रत्ना स्वयंपाकघरात होती. "काय झालं, आवाज येतोय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, साफ करतोय." डबा बंद केला.

वाणीबाईंसमोर एकदा, आज एकदा, दोनच वेळा खोटं बोललो. पण मला मोजायला लागतंय हेच वाईट आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी रत्ना कढीपत्ता निवडत होती तेव्हा सांगितलं. बटण, चंदन, सगळं. मला लाज वाटत होती, तिच्याकडं न बघता सांगितलं.

तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "चंदनाचं मला काही वाटत नाही. ती चूक झाली, कुणाकडूनही झाली असती. पण मी हात घालू नका म्हणाले होते, आणि तुम्ही बरं म्हणालात. चाळीस वर्षं तुम्ही बरं म्हणता, महेश. आणि मग तुम्हाला वाटतं तेच करता."

लग्न झाल्यापासून तिनं मला नावानं हाक मारलेली ही पहिली वेळ. तिनं ताट पुढं ओढलं आणि पानं निवडायला लागली. मीही शेजारी बसून निवडली. कशी निवडायची ते तिनं एकदा दाखवलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. या वर्षी घरी काही केलं नाही. पहाटे तेल लावून आंघोळ केली आणि बाईंकडं जाऊन आलो.

मी सहा महिन्यांत गेलो नव्हतो. बाई खाटेवर उशांना टेकून होत्या, डावा हात तेवढा हलतो. त्यांची सून महालक्ष्मी, तीही साठीला आलेली. तिनं कॉफी दिली आणि विचारलं, "एग्मोरहून काही कळलं का मामा? आमच्या घरात अम्माचा आवाज एक पण नाही. फोनमध्ये फोटो हजार आहेत. त्यांनी बोललेलं कोणी धरून ठेवलं नाही. रत्नाक्का आहे म्हणून आम्ही निश्चिंत होतो."

डिस्क कुणी फोडली हे तिला माहीत नव्हतं. मी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग रत्ना काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "महालक्ष्मी, डिस्क मी खराब केली." ती म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला तर मशीनचं सगळं येतं ना मामा?" तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारत होती. त्यानं जास्त लागलं.

बाईंचं लक्ष माझ्याकडं होतं. काही समजलं का, कळलं नाही. निघताना मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वाणीबाईंचा फोन आला म्हणून एकटाच एग्मोरला गेलो. रत्नाला ताप आहे. पाऊस धरून आहे, सेंट्रलला ऑटोवाल्यांनी नाकं मुरडली, चालतच गेलो.

एकशे त्रेचाळीसपैकी अकरा निघाली. टाइप केलेली पानं एकही नाही. वाणीबाई म्हणाल्या, "पृष्ठभाग पुसला गेला नसता तर बहुतेक सगळं मिळालं असतं." त्यांनी एक नवी छोटी डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला, दोन्हींत तेच. एक घरी ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी, म्हणाल्या.

मी उठलो आणि परत बसलो. म्हटलं, "वाणीअम्मा, दुकानदार वगैरे कोणी नव्हता. मी उघडली होती."

"माहीत आहे सर," त्या म्हणाल्या. "आत कापसाचे तंतू होते, आणि त्यांना तुपाचा वास. दुकानदार तूप वापरत नाहीत."

त्या हसल्या नाहीत, मीच हसलो. मग हसू थांबेना आणि डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला.

रत्नाला सांगितलं, अकरा. तिनं पांघरुणातून हात काढून पेन ड्राइव्ह घेतला. म्हणाली, "मला वाटलं होतं एकही नाही." आणि भिंतीकडं तोंड करून रडली. या महिन्यात पहिल्यांदा. मी तिथंच बसून राहिलो, सल्ला दिला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ताप उतरला. डब्यात कालच दुकानातून दुसरी डिस्क बसवून आणली होती. दुपारी तीन वाजता रत्नानं डबा चालू केला आणि आम्ही दोघं ऐकायला बसलो. सहा वर्षं हे शेजारच्या खोलीत चाललं होतं आणि मी एकदाही आत बसलो नव्हतो.

पहिल्यात बाई गात होत्या. नवरीला तेल लावतानाचं गाणं. आवाज थरथरता, पण सूर पक्का. मी म्हणणार होतो की छान गातात, तेवढ्यात गाण्यावर दुसरा आवाज आला. "रत्ना, ए रत्ना, माझा चष्मा कुठाय?"

माझाच आवाज. गाणं थांबलं. बाई म्हणाल्या, "जा मा, तो बोलावतो. माझं गाणं कोठे पळून जातं?" खुर्ची सरकली. मग नुसता पंखा.

दुसऱ्यात त्या चिंचेच्या आमटीचं सांगत होत्या. "आणि मग शेवटी घालायचं ते..." आणि मी, "रत्ना, टाकीत पाणी चढलं का बघ." शेवटी काय घालायचं ते आलंच नाही.

पाचवं रेकॉर्डिंग त्यांच्या पहिल्या मुलाचं होतं. मला माहीतच नव्हतं त्यांना असा मुलगा होता. अडीच वर्षांचा होऊन गेला. त्या फार हळू सांगत होत्या, मध्ये थांबत होत्या, आणि रत्ना नुसतं हं म्हणत होती. "त्या पहाटे त्यानं डोळे उघडले, आणि मी त्याला मांडीवर घेऊन म्हटलं..."

"रत्ना, चार वाजले. चहा."

रत्नाचा आवाज, "आले." बाईंचा आवाज, "जा मा, जा."

मी रत्नाला थांबवायला सांगितलं. विचारलं, "काय म्हटलं त्यांनी मुलाला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी चहा देऊन परत आले तर त्या डोळे पुसून लोणच्याचं सांगायला लागल्या होत्या. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. मलाही विचारवलं नाही."

अकरापैकी नऊ ठिकाणी मी होतो. चष्मा, पाणी, चहा, रिमोट, दोनदा नुसतंच "रत्ना". चहा मला करता येतो. चष्मा बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असतो.

"तुला टाइप करताना हे ऐकू यायचं?"

"येणारच की."

"मग पुस्तकात काय लिहायचीस?"

"तेवढं गाळायचे," ती म्हणाली. "दोन वाक्यं जोडून घ्यायचे. वाचणाऱ्याला कशाला."

डिस्क मी ऑक्टोबरात फोडली असं मी महिनाभर धरून चाललो होतो. पण त्यातलं बरंच मी आधीच तोडत आलो होतो. मला खूप वाईट वाटलं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं. तिनं नवी फाइल उघडून पाचवं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं आणि टाइप करायला लागली. मी शेजारी बसून होतो. 'मांडीवर घेऊन म्हटलं' इथपर्यंत आली आणि तिची बोटं थांबली.

मी म्हटलं, "या वेळी गाळू नकोस."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमचं नाव घालू?"

"घाल."

तिनं लिहिलं: 'इथं महेशनं चहासाठी हाक मारली. बाई थांबल्या. मुलाला काय म्हटलं ते सांगायचं राहिलं.'

मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं आणि बरोबर आहे म्हणालो.